वाळूवाल्या सरांचा डोंगर

वाळूवाले सर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी सतरंजी ढकलून बघत. घरातली बाई लगबगीने सतरंजी अंथरायची आणि हे गृहस्थ उकिडवे बसून तिच्या काठाला तळहात लावायचे, मग सावकाश पुढे रेटायचे. सतरंजीला मध्येच कुठेतरी सुरकुती उठायची आणि सरांचा चेहरा खुलायचा. "बघा, हातापाशी नाय उठली. घडी होती तिथंच उठली!" ती बिचारी ओशाळून म्हणायची, "वर्षभर माळ्यावर होती हो, घड्या मोडायला वेळ लागतो." सर गंभीरपणे सांगायचे, "मोडू नका. त्या घडीतच सगळं शास्त्र हाय." चिकलठाण्याला आमच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा बाबांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं होतं, "हे तुला कॉलेजात नेमकं काय शिकवतात?"

शिकवायचे भूगर्भशास्त्र. आमच्या कॉलेजात या विषयाच्या वाट्याला मागच्या बाजूच्या दोन खोल्या आल्या होत्या, आणि त्यातल्या एका खोलीत लांबलचक काचेची पेटी होती. सर मूळचे कन्नड तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. गावी गेले की शिवना नदीची वाळू चाळून पिशवीत भरायचे आणि एसटीने घेऊन यायचे. तेवढ्यावरून नाव पडलं. एकदा बसस्टँडवर एका रिक्षावाल्याने त्यांना अदबीने विचारलं, "साब, रेतीका भाव क्या चल रहा है, ब्रासका?" सरांनी पिशवी उघडून दाखवली आणि म्हणाले, "हा माल इकायचा नाय, ढकलायचा हाय." रिक्षावाल्याने त्यांना पुन्हा काही विचारलं नाही.

गंमत अशी की ज्या गावात खणाल तिथे काळा दगड लागतो, तोही एकावर एक आडव्या थरांत निमूट पडलेला, त्या गावात बसून हा माणूस जन्मभर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा विचार करत होता. "सर, आपल्याला काय करायचं हो त्या अँडीजचं?" असं आम्ही मुद्दाम विचारायचो. सर चिडत नसत. त्यांना आम्ही विचारलंय याचाच आनंद. तिकडे समुद्राचा तळ जमिनीच्या खाली सरकतो, ते सांगायचे. अजूनही सरकतोय. त्याने वरची जमीन रेटली जाते, चेपते आणि पर्वत उठतो. इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात आहे. सरांचा जीव पुढच्या प्रश्नात होता. पर्वत नेमका कुठे उठेल? किनाऱ्याला लागून की पार आत? त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ढकलणाराकडं सगळेच बघतेत. ज्याला ढकललं त्याच्या पोटात आधीचं काय हाय, ते बघा." कोट्यवधी वर्षांपूर्वी तीच जमीन ताणली जाऊन तिथे भेगा पडल्या असतील, दऱ्या खचल्या असतील, नंतर त्या गाळाने भरून वरून सपाट दिसू लागल्या असतील. पण रेटा आला की जमीन त्याच जुन्या भेगांवरून सरकते. खचलेली दरीच मग वर उचलली जाते. हे सांगताना सरांचा आवाज असा व्हायचा की घरातल्याच कुणा माणसाची हकीकत सांगतायत असं वाटावं.

पेटी भरण्याचं काम ते कुणाला करू देत नसत. पांढऱ्या वाळूचा थर, त्यावर विटेची भुकटी, त्यावर कोळशाची, पुन्हा वाळू. एका टोकाला सरकती फळी आणि तिच्या मागे सुताराकडून बसवून घेतलेला स्क्रू. तो इतक्या सावकाश फिरवायचे की आम्हाला पेंग यायची. "डोंगराला घाई नसती पोरींनो," म्हणायचे. एकच अडचण होती. प्रयोग झाला की सगळे रंग एकमेकांत मिसळायचे आणि वाळू धुवायला लागायची. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. घरात प्यायचं पाणी पिंपात जपून ठेवणाऱ्या माणसाला वाळू धुणं जिवावर यायचं. तरी धुवायचे, पाणी आलं की.

मी दुसऱ्या वर्षाला असताना विभाग बंद करायचं घाटू लागलं. विद्यार्थी कमी, खोल्या अडकलेल्या. बाहेरून एक समिती येणार आणि तिने नापसंती दाखवली की विषय बंद, असं प्राचार्यांनी सांगितलं. सरांना मग कुठल्यातरी दुसऱ्या वर्गावर पाठवलं असतं आणि आम्हाला विषय बदलावा लागला असता. बाबा तर टपूनच होते. "बरं झालं, डी.एड.ला घालतो तुला," असं त्यांनी जेवताना दोनदा म्हणून घेतलं. माझं जेवणावरून मन उडालं. सर मात्र रोज पेटीपुढे उभे राहून तालीम करायचे. समितीला अगदी साधा, अभ्यासक्रमातला प्रयोग दाखवायचा होता. वाळू रेटली की पहिला डोंगर फळीपाशी उठतो, मग दुसरा त्याच्या पुढे, मग तिसरा.

समितीच्या आदल्या दिवशी त्यांनी पहिल्या वर्षाला ताणाचा प्रयोग दाखवला. फळी मागे ओढली की वाळू मधोमध खचून दरी होते, तो. नंतर पेटी रिकामी करायला हवी होती. पण पाणी नव्हतं. सरांनी दरी वाळूने भरली, वरून सपाट केली, त्यावर नवे थर घातले आणि घरी गेले. दिसायला इतकी देखणी पेटी मी पूर्वी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी समितीची माणसं खुर्च्यांवर बसली. सरांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "पहिला डोंगर इथं, फळीजवळ उठंल," आणि स्क्रू फिरवायला लागले. फळीजवळ काही उठेना. सर फिरवतायत, प्राचार्य घड्याळ बघतायत, आणि पार पलीकडे, पेटीच्या मधोमध, वाळूला हळूहळू फुगवटा यायला लागला. समितीचे अध्यक्ष जाणते होते आणि भलेही. ते म्हणाले, "सर, जुन्या भेगांचा परिणाम दाखवायचा होता ना तुम्हाला? छान जमलाय." फक्त 'हो' म्हणायचं होतं. आम्ही सगळ्या मनातल्या मनात 'हो म्हणा, हो म्हणा' करत होतो.

"नाय साहेब," सर म्हणाले. "मला हे दाखवायचं नव्हतं. पेटी धुतली नाय, ती चूक माझी." एवढं बोलून ते काचेपाशी वाकले आणि तसेच राहिले. मग एकदम ओरडले, "अरं, काल इथं दरी होती! पोरींनो, या, बघा! कालची दरी उठलीय!" समिती आहे, प्राचार्य आहेत, आपली नोकरी पणाला लागलीय, सगळं विसरले ते. जे आयुष्यभर दुसऱ्यांच्या सतरंज्यांवर सांगत आले, ते वाळूने त्यांना न विचारता करून दाखवलं होतं. गुडघ्यावर बसून ते अध्यक्षांना काचेतली एकेक भेग दाखवू लागले. थोड्या वेळाने अध्यक्षही जमिनीवर बसले. चहा आला आणि तसाच निवला.

विभाग वाचला. माझी पदवी त्यातूनच झाली आणि डी.एड.चा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. अध्यक्षांनी देऊ केलेली सबब सरांनी घेतली नाही म्हणून विभाग वाचला, की घेतली असती तरी वाचला असता, हे मला माहीत नाही. पण त्या 'नाय साहेब'साठी मी त्यांच्या पाया पडले होते, आणि ते "अगं, वाळू लागंल साडीला," म्हणत मागे सरले होते.

सर निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांत विभाग अखेर बंद पडला. पेटी भंगारात जाणार हे कळताच सरांनी टेम्पो केला आणि ती पुंडलिकनगरच्या घरी आणली. सोफ्याच्या जागी पेटी बसली. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "लोकायच्या घरी काचंत मासे असतेत, आमच्याकडं वाळू हाय." तक्रार होती, पण धूळ पुसताना पेटीची काच त्या सगळ्यात आधी पुसायच्या. घरी आल्यापासून सरांनी वाळू धुणं सोडूनच दिलं. प्रयोग झाला की वरून सपाट करायचे आणि नवे थर घालायचे. "आता आतलं काही काढायचं नाय," म्हणायचे, "बघू, कुठं कुठं उठतंय ते."

मी कॉलेजात शिकवायला लागले. एकदा त्यांच्याकडे एका मुलीची कागाळी केली. काहीही विचारलं की रडते, किती समजवायचं? सर म्हणाले, "तू आत्ता काय इचारलंस ते सोड. तिला ह्याच्या आधी कुणी कुठं तोडलंय, ते बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. नंतर बघितलं, आणि तेव्हापासून वर्गात बघायची सवयच लागली. अँडीज मात्र सरांचा बघायचा राहिला. त्यांनी चढलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे कन्नडचा घाट, तोही एसटीत बसून. याचं मला त्यांच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

सर गेल्यावर काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. घराला रंग द्यायचा होता. पेटी भरलेली असताना हलत नव्हती, काच फुटली असती. "तूच ये आन् रिकामी करून घेऊन जा," त्या म्हणाल्या. मी गेले. रंगारी डबे मांडून थांबला होता. पेटीतली वाळू अगदी सपाट होती. आजारी पडायच्या आधी सरांनी पुढच्या प्रयोगासाठी ती तयार करून ठेवली होती आणि मग तो प्रयोग राहिलाच.

मी घमेलं खाली ठेवलं. काकू म्हणाल्या, "काढायच्या आधी एकदा फिरव." मी स्क्रू फिरवू लागले, सरांसारखा, सावकाश. बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या हातापासून खूप लांब, खिडकीच्या बाजूला, वाळू उचलली जायला लागली.

"तिथं का गं? तू तर इथून ढकलतीयास," काकूंनी विचारलं.

"सरांनी आधी कधीतरी तिथं दरी पाडली असणार, काकू. त्यांची भेग आहे आत."

काकू पेटीपाशी गेल्या. जिथे वाळू उठली होती तिथे काचेवर तळहात टेकून उभ्या राहिल्या. मी घमेलं उचललं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. मग रंगाऱ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, "भाऊ, एवढं सोडून बाकीचं रंगवा."

हॉल आता पिस्ता रंगाचा आहे. पेटीमागची भिंत तेवढी जुनीच, पिवळट.