महाजन मास्तरांचा समुद्र

चित्र काढायला बसण्यापूर्वी महाजन मास्तर पाणी चाखत. राजघाटाच्या पायरीवर मांडीवर फळी घेऊन बसले, की आधी तापीत बोट बुडवायचे, ते जिभेला लावायचे, डोळे मिटून जरा थांबायचे आणि मगच रंगांसाठी वाटी भरून घ्यायचे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शाळेत नवा होतो. राहवलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बिना चाखे पानी कागदावर टाकू का? घरात मेहमान घेतो, तर नाव तरी विचारतो ना आपण."

बुऱ्हाणपुरात आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो. ते चित्रकला, मी भूगोल. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तापीकाठच्या केळीवाल्या घरातले. भावांनी मळा सांभाळला आणि यांनी जलरंगांची पेटी. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. शाळेच्या फाटकापासून ओरडायचे, "काय रे भूगोल, आज येऊन राह्यला ना घाटावर?" मी जायचो. माझं काम छत्री धरायचं. वर्षानुवर्षं मी त्यांच्या कागदावर सावली धरली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, शाळेतल्या कुठल्याही तासापेक्षा मला ते काम आवडायचं.

आमच्याकडचं ऊन असं, की कागदावर रंग ठेवून ब्रश धुवावा तोवर रंग वाळलेला असतो. मास्तरांचा हात त्यामुळे विजेसारखा चालायचा. "आभाळ चार हातांत झालं पायजे," ते म्हणायचे, "पाचवा हात मारला त्यानं चित्र मारलं." असीरगडचा डोंगर, घाटावर वाळत घातलेली लुगडी, पाण्यात बसलेल्या म्हशी, सगळं दहा-पंधरा मिनिटांत कागदावर उतरायचं. मग ते फळी लांब धरून मान वाकडी करायचे आणि बहुतेक वेळा स्वतःवर खूश व्हायचे. उगाच नाक मुरडणाऱ्या कलावंतांतले ते नव्हते.

एकच हुरहूर होती. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून कॅलेंडरांवरचे सहा-सात समुद्र चिकटवलेले होते. "भूगोल, समुंदर खरंच निळा राहतो का रे?" असं ते अधूनमधून विचारायचे, आणि मीही न पाहिलेल्या समुद्राबद्दल पुस्तकातलं ठोकून द्यायचो.

मग राज्यांची नवी वाटणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि शाळेत एक कागद फिरला: कोणत्या राज्यात नोकरी करायची ते दिवाळीनंतर लिहून द्यावं. शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय उरला नाही. इथे आता सगळं हिंदीत होणार, मराठी वर्गांचं काय होणार, अशी काळजी. माझं घर इथेच इतवाऱ्यात, भावाचं दुकान तिथेच. मी मध्य प्रदेश लिहून मोकळा झालो. मास्तर मात्र कागद हातात घेऊन बसले. मुंबई राज्यात गेलं तर कोकणातल्या एखाद्या शाळेत बदली मागता येणार होती. शाळा सुटली की समोर समुद्र! त्यांच्या पत्नीनं, वेणूवहिनींनी, एका वाक्यात निकाल दिला होता, "तुम्ही जिथं बसाल तिथं मी चूल मांडीन." मुलंबाळं नव्हती. अडवणारं कोणी नव्हतं. मीसुद्धा तोंडानं "जरूर जा" म्हणत होतो. मनातून मला ते जायला नको होते.

"बिना देखे कसं लिहून देऊ?" मास्तर म्हणाले. म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं निघालो. माझ्या बायकोची मावशी कोकणातल्या एका लहानशा गावी होती, तिच्याकडे आठ दिवस राहायचं ठरलं. मास्तरांच्या कापडी पिशवीत फुटाणे होते आणि बूच लावलेली काचेची मोठी बाटली होती. बाटलीत तापीचं पाणी. "परक्या पान्यावर हात बसत नाही," ते म्हणाले. मुंबईपर्यंत रेल्वेनं, पुढे रात्रीच्या बोटीनं. समुद्र पहिल्यांदा पाहायचा तो वाळूत उभं राहूनच, म्हणून मास्तर बोटीत आतच बसले आणि बंदरावरही मान खाली घालून उतरले. बाटली त्यांनी एखाद्या तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेतली होती.

बंदरावर उतरून मावशीचं गाव तीन मैल. वाटेत एक चढण होती. मास्तरांना वरच्या अंगानं लाटांचा आवाज ऐकू आला आणि ते पिशवी माझ्याकडे देऊन चक्क पळत सुटले. मी मागे. ऊन मी म्हणत होतं, घसा कोरडा ठणठणीत. वाटेत ना विहीर ना घर. एक घोट घ्यावा म्हणून मी बूच काढलं. बोटीवर रात्रभर ओकलेल्या माणसाचा एक घोट किती मोठा असतो ते मला तेव्हा कळलं. बाटली रिकामी झाली.

वर पोचलो तर मास्तर उतारावरून खाली वाळूत गेलेले, समुद्रासमोर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे. मग वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि लहान मुलासारखे हसले. "दे पिशवी. बाटली काढ."

"मास्तर," मी म्हणालो, "बूच गळकं निघालं. वाटेत सगळं सांडलं."

त्यांनी रिकामी बाटली उलटी करून पाहिली, पिशवीत हात घालून मूठभर फुटाणे काढले, दोन तोंडात टाकले. "ठीक आहे," म्हणाले, "याच्याच पान्यात याला काढू."

त्यांनी समुद्राच्या पाण्यात ब्रश बुडवला. आभाळ चार हातांत झालं, पण वाळेना. दमट हवा, त्यात खारं पाणी. वरचा निळा खाली ओघळला, खालचा हिरवा वर चढला. मास्तर ब्रश हातात धरून नुसते बसून राहिले. तेवढ्यात भरती आली. भरती-ओहोटी मी नऊ वर्षं फळ्यावर शिकवली होती. ती माझी एक चप्पल घेऊन गेली.

पुढचे सात दिवस ते मावशीच्या विहिरीच्या गोड्या पाण्यानं रंगवत होते. अकरा चित्रं झाली, होड्यांची, माडांची, खडकांची. मला तर सगळी सुंदर वाटली. निघताना त्यांनी ती सगळी मावशीच्या घरी वाटून टाकली आणि ते पहिलं ओघळलेलं एकच चित्र बरोबर घेतलं. शाळा उघडल्यावर कागदावर लिहिलं: मध्य प्रदेश.

मला आनंद झाला आणि त्याच दिवसापासून आत काहीतरी टोचू लागलं. माझ्या एका घोटानं त्यांचं पहिलं चित्र बिघडलं, त्यांचा धीर खचला, समुद्र त्यांच्या हातातून गेला, असं मला वाटायचं. विचारायची हिंमत नव्हती. ते मात्र मजेत होते. ओघळलेलं चित्र त्यांनी घरी भिंतीवर लावलं, काच न लावता. रंगात मिठाचे बारीक कण राहून गेले होते, दिव्यासमोर ते चमकायचे. आणि श्रावण आला की त्या चित्राला ओल सुटायची. मास्तर बोटानं कोपरा चाखून शाळेत येऊन मला सांगत, "तुझा भूगोल राहू दे, भूगोल. माझा समुंदर ओला झाला, आज पडल पानी." पाऊस पडायचा. वर्गातली पोरं त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवायची.

ते निवृत्त झाले त्या वर्षी घाटावर एकदा मी धीर केला. छत्री धरूनच म्हणालो, "मास्तर, बूच गळकं नव्हतं. पाणी मी प्यायलो होतो."

"मालूम आहे मले," ते चित्रावरची नजर न काढता म्हणाले. "पानी सांडलं असतं तर फुटाणे मऊ पडले असते. चांगले कुरकुरीत होते."

"मग बोलला का नाहीत? माझ्यामुळे तुमचा समुद्र गेला."

आता त्यांनी ब्रश खाली ठेवला. "गेला? अरे येड्या, तो एकच तर आला! पुढचे अकरा पाह्यले होते ना तू? मी समुंदर काढाले बसायचो अन् हात तापीच काढायचा. लाटा तापीच्या, आभाळ आपलं कोरडं ठणठणीत. फक्त त्या पहिल्या चित्रात समुंदर होता, कारण तो त्यानं स्वतः काढला होता, मी नुसता पाहत बसलो होतो. आठ दिवसांत मले समजलं, माझा हात कुठला आहे. मग त्याले घेऊन परमुलुखात कशाले जाऊ?" आणि पुन्हा ब्रश उचलत म्हणाले, "छत्री सरळ धर. तू पानी प्यायला नसता तर मी बारा तापी काढून, समुंदर आला समजून, तिकडंच बसलो असतो."

मला इतकं हलकं वाटलं की छत्री पुन्हा वाकडी झाली आणि त्यांनी मला शिवी दिली.

मास्तर एका हिवाळ्यात गेले, फार न झिजता. आदल्या आठवड्यापर्यंत घाटावर होते. तेरावं झाल्यावर वेणूवहिनी स्वतः ते चित्र घेऊन आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "हे तुमच्याकडंच ठेवा भाऊजी. मला त्याचं हवामान समजत नाही."

ते आता माझ्या खोलीत आहे. काच मीही लावलेली नाही. श्रावणात सकाळी उठलो की कोपऱ्यावर बोट फिरवतो आणि जिभेला लावतो. खारट लागतं. बायको दारातून म्हणते, "म्हातारपणी भिंती चाटून राह्यले का?" आत जाऊन माठातलं तापीचं पाणी भांडंभर पितो, आणि दर वेळी मला बरं वाटतं, की त्या दिवशी त्या चढणीवर मला तहान लागली होती.