दुखणं थांबलं तेव्हा

“देवाक विचारल्याशिवाय माजो झील गाडयेत चढाचो नाय,” सुंदराकाकी म्हणाली.

तिचा मुलगा बाबल माझ्या दवाखान्याच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. तोंडवलीचा मासेमार, उंचापुरा गडी. पण पोटाच्या उजव्या बाजूला खाली बोट टेकवलं की कळवळायचा. अपेंडिक्स, म्हणजे आतड्याला असलेली छोटी शेपटी. ती सुजली होती. फुटली तर पोटभर पू पसरणार. ऑपरेशनला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलातच न्यायला हवं होतं. शेजारच्या आंबेवाल्यांची जीप दारात उभी होती.

“काकी, कौलाची वाट बघत ऱ्हवलास तर पोटात फुटात ता!” नीलम ओरडली.

नीलम कसालच्या एका शिक्षकांची मुलगी. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. बारावीला मार्क कमी पडले, मेडिकलची अॅडमिशन हुकली. परत परीक्षेला बसेपर्यंतचं वर्ष तिने माझ्या हाताखाली काढायचं ठरलं. मुलांनो, तुम्ही ज्याला गॅप इयर म्हणता, त्याला आमच्याकडे ‘घरी बसणं’ म्हणत. ही मात्र बसतच नसे. पट्ट्या गुंडाळायची, सिरिंज उकळायला ठेवायची, मध्येच दारात जाऊन रस्त्याकडे बघत राहायची. मैत्रिणी मुंबईत हाडांची नावं पाठ करतायत आणि आपण इथे, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तोपर्यंत मी तिला एकच काम पक्कं शिकवलं होतं. नाडी बघणं.

तिच्या ओरडण्यावर काकी उठलीच. “तू माका शिकयतंस? चल रे बाबल.”

आत माझी एक बाळंतीण अडली होती. मला हलता येत नव्हतं.

“जीपमधूनच देवळात ने त्यांना,” मी नीलमला म्हटलं. “वाद घालू नकोस. त्याच्याजवळ बस आणि नाडी बघत राहा.”

“आणि कौल मिळालाच नाही तर?”

“बस म्हटलं ना!”

पुढचं मला तिने आणि ड्रायव्हरने सांगितलं.

देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गुरव प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. हा कौल. त्या दिवशी कुठलीच पडेना. गुरव पुन्हा पुन्हा गाऱ्हाणं घालत होता. नीलम एकदा जीपकडे बघे, एकदा मूर्तीकडे. सभामंडपात आडव्या पडलेल्या बाबलची नाडी दर खेपेला जास्त वेगाने धावत होती.

मग बाबलने पाय लांब केले. “आये, दुखाचा थांबला.”

काकीने हात जोडले. “पावलो गो बाय देव! चल, घराक जावया.”

नीलमने पुन्हा त्याची नाडी बघितली. ती धावतच होती. सुजलेली शेपटी फुटते तेव्हा आतला ताण सुटतो आणि थोडा वेळ बरं वाटतं, हे मी तिला सांगितलं होतं. खरा धोका तिथूनच सुरू होतो.

ओरडणं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. काकीची बोटं धरून आपल्या मनगटावर ठेवली. “काकी, ही माजी.” मग तीच बोटं बाबलच्या मनगटावर दाबली. “आणि ही ह्येची.”

नीलमची नाडीही काही शांत नव्हती, पण फरक कळण्याइतका होता. काकीने पुन्हा नीलमचं मनगट धरलं, पुन्हा मुलाचं. मग स्वतःचं.

“दुखणा नाय, तर ही इतकी धावता कित्याक?”

“आत फुटला म्हणान. आता घराक नको, काकी.”

काकीने गुरवाकडे पाहिलं. तो म्हणाला, “देव हयसरच आसा. मी इचारतंय त्येका. तू झिलाक घेवन जा आधी.”

ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटलेलंच होतं. बाबल बरेच दिवस हॉस्पिटलात होता. अर्धा होऊन आला, पण चालत आला. काकीने नीलमला एक नारळ आणून दिला. “देवाचो येगळो दिलंय,” असंही बजावलं. मला काहीच नाही.

पुढच्या वर्षी नीलमला मेडिकलला प्रवेश मिळाला. तो मार्कांवर मिळाला, बाबलवर नव्हे. माझा मात्र फायदा झाला. नंतर कुणाचे नातेवाईक अडून बसले की मी समजावत बसत नसे, आधी त्यांची बोटं पेशंटच्या मनगटावर ठेवत असे. सगळे पटकन ऐकत असं नाही. पण माझा घसा वाचला.