मदत मागायला शालू नेसून

आता हसू नका, आधी ऐकून घ्या. मदत मागायला गेलेल्या बाईला कुणी शाल-नारळ देतं का? मला दिला!

लॉकडाऊनचं साल. मी येडगावची, लग्नात मेंदी काढते. लग्नंच बंद, मग मेंदी काढू कुणाच्या हातावर? म्हशीच्या? नवऱ्याची नारायणगाव-आळेफाटा जीप दारात उभी. कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या! पोरगी तान्ही. दूध पावडरचा डबा मी सारखा उघडून बघायची. जसं काही बघितल्यानं पावडर वाढणार होती!

तेवढ्यात कळलं, नारायणगावात एक मंडळ कलाकारांना किराणा आणि दूध पावडर वाटतंय. फक्त कलाकार असल्याचा पुरावा पाहिजे.

"माझ्याकडं कसला पुरावा? सातवीचा दाखला?" मी जावेला म्हटलं.

"अगं, हात दाखव की! त्योच पुरावा."

पटलं मला. बसले आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढली. आता एवढ्या मेंदीवर विटकी साडी बरी दिसेल का, तुम्हीच सांगा! म्हणून लग्नातला शालू नेसले. शालूवर गळा बोडका दिसतो, म्हणून जावेची मोहनमाळ. खोटी हो! पण लांबून कुणाला कळतंय?

नवरा फटफटीला किक मारता मारता म्हणाला, "मदत मागाया चाललीस का वरातीला?"

"तुमाला काय कळतंय कलेतलं!"

मंडपात हलगीवाले, सनईवाले, तमाशातल्या बायका, सगळे तोंडाला मास्क लावून रांगेत. मी पण रांगेकडं वळले, तोच एक कार्यकर्ता पळत आला. "या या मॅडम! तुमचीच वाट बघत व्हतो." खुर्ची दिली, शाल दिली, नारळ दिला. मला वाटलं, बघा, कलेची कदर आहे अजून!

"माझे हात बघायचेत ना?" मी हात पुढं केले.

"हातच तर पायजेल, मॅडम! तुमच्याच हातानं वाटायचंय समदं."

इथं तरी डोक्यात प्रकाश पडावा की नाही? पण मला वाटलं, कलाकाराच्या हातून कलाकाराला, अशी पद्धत असेल. लागले वाटायला! एकेक पिशवी जायची आणि मी उरलेल्या मोजायची. "भाऊ, माझं..." म्हटलं की तो म्हणे, "भाषण शेवटाला, मॅडम!"

शेवटची पिशवी उरली. समोर सुती साडीतली एक बाई. "अवो, ऐका तरी, मी..." ती सांगायला लागली.

"घ्या मावशी, लाजू नका. वेळ सगळ्यांवर येते." माझे डोळे भरून आले. तिच्यासाठी कसले, पिशवीसाठी! फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

तेवढ्यात अध्यक्ष ओरडत आले, "अरे राव, पाव्हण्या बाईंना रांगंत कुणी हुबं केलं? समदा किराणा त्यांनीच दिलाय!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "मंग ह्या मॅडम कोण?" कार्यकर्त्यानं विचारलं.

"मी... मेंदीवाली. मदतीला आलते."

"क्येली की लई मदत!" मागून हलगीवाला ओरडला.

धरणीमाय पोटात घेईल तर शपथ! बाई मात्र मास्कच्या आड खदाखदा हसल्या. पिशवी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "घे गं. पुढच्या वेळी साधी साडी नेसून ये."

पोरीच्या दुधाची सोय झाली. पण फोटोवाल्यानं तोवर फोटो पाठवूनही दिला होता. गावभर फिरला तो! खाली लिहिलेलं, 'गरजू कलाकाराला मदत करताना दानशूर ताई.'

पिशवी संपत आली आणि मंडळातून फोन आला. दुसराच कुणी बोलत होता. "ताई, आणखी एकदा किराणा वाटायचाय."

"बरं झालं भाऊ! या वेळी मी साध्या साडीत येते."

"कशातबी या हो. फोटो बघितलाय तुमचा. वर्गणी किती लिहू?"