गणपतीच्या मांडवातलं लग्न

माझी नातवंडं टीव्हीवर एक मालिका बघतात. चार-पाच मित्रमैत्रिणी, त्यांची भांडणं, रुसवेफुगवे, कोण कुणाच्या प्रेमात आणि कोण नाही. आणि नेमकं काही घडणार तेवढ्यात भाग संपतो. मग पोरं कपाळाला हात लावून बसतात. मी शेजारी बसले की मला समजावून सांगतात, कारण आजीला यातलं काय कळणार! अरे गाढवांनो, तुमच्या आजीनं हाच उद्योग अमरावतीत केलाय, आणि तोही टीव्ही नावाची वस्तू आमच्यातल्या कुणी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती तेव्हा.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं चौघांचं टोळकं कॉलेजात प्रसिद्ध होतं. एक मी, वकिलाची मुलगी, तोंडानं फटकळ. दुसरी माझी जिवलग मैत्रीण, शाळामास्तरांची मुलगी. तिसरा भटजींचा मुलगा. हा पूजा सांगायला जायचं टाळायचा आणि नाटकं लिहायचा. आणि चौथा जवळच्या भातकुली गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, होस्टेलवर राहणारा. हा दहा वाक्यांना एक वाक्य बोलायचा, पण ते असं बोलायचा की आम्ही हसून लोळायचो. पुढे त्याला भातकुलीवाला म्हणते, तेव्हाही आम्ही तेच म्हणायचो.

आमच्या मोहल्ल्याच्या गणपतीत संध्याकाळच्या आरतीनंतर काही ना काही कार्यक्रम असे. एक दिवस भजन, एक दिवस व्याख्यान, एक दिवस जादूचे प्रयोग. लोक प्रसाद घेऊन घरी पळत. त्या वर्षी भटजींच्या मुलाच्या डोक्यात किडा वळवळला: दहाही दिवस एकच नाटक करायचं, रोज एक तुकडा, आणि तुकडा अशा जागी तोडायचा की माणसाला रात्री जेवण जाऊ नये. विषय? चार मित्रमैत्रिणी. म्हणजे आम्हीच. आमच्याच सवयी, आमचीच भांडणं. नायिका मी, नायक भातकुलीवाला, विनोदी काम भटजींच्या मुलाकडे, आणि मास्तरांची मुलगी पडद्याआडून वाक्यं सांगायला, कारण रोजचा तुकडा आदल्या दिवशी लिहिला जायचा आणि पाठांतर कुणाचंच धड नसायचं.

बाबांनी परवानगी दिली त्याला कारण होतं. अकोल्याच्या आत्यानं माझ्यासाठी तिकडचा एक इंजिनियर मुलगा हेरला होता. फोटो पसंत होता, पत्रिका जुळली होती, विसर्जन झालं की मंडळी मला बघायला येणार होती. बघणं नावापुरतंच, बाकी सगळं ठरल्यातच जमा. बाबा म्हणाले, शेवटची हौस करून घे. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे कुणाला सुचलंही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

पहिल्या दिवशी प्रसादापुरती बसलेली माणसं होती. दुसऱ्या दिवशी मांडव भरला. त्यानंतर तर बायका दुपारीच सतरंज्या अंथरून जागा धरून ठेवू लागल्या. अकोटहून कामासाठी आलेल्या एका गृहस्थांनी पुढे काय होतं ते बघायला मुक्काम वाढवला आणि त्यांचा मेहुणा वैतागला, असं ऐकलं. रस्त्यानं जाताना अनोळखी माणसं मला थांबवून विचारत, आज काय होणार? मला आभाळ ठेंगणं झालं होतं. रस्त्यात कुणी ओळखू नये म्हणून मान खाली घालून चालणारी मी, आता बाजारातून मुद्दाम लांबच्या वाटेनं जायला लागले.

आणि मग ते भांडण आलं. नाटकात नायिका नायकाला गावंढळ म्हणते आणि पाठ फिरवते, तिथेच तुकडा तोडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घ्यायला गेले, तर म्हाताऱ्या भाजीवालीनं माझ्या पिशवीत नेहमी वरून टाकायची ती कोथिंबीर, आमच्याकडे तिला सांभार म्हणतात, टाकलीच नाही. मी मागितली तर म्हणाली, "सोन्यासारख्या पोराले तसं काऊन बोलली? जाय, सांभार नाही भेटत." मी हसत हसत घरी आले आणि आल्यावर एकदम रडले. कारण आदल्या संध्याकाळी ते वाक्य बोलताना माझ्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं, आणि प्रेक्षकांना वाटलं पोरगी काय काम करते! ते काम नव्हतं. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि हे मला चारशे माणसांसमोर, तोंडाला पावडर फासलेली असताना कळलं.

त्याचं काय? देव जाणे. तो लिहून दिलेली वाक्यं बोलायचा, पडदा पडला की सायकल काढून होस्टेलवर जायचा.

भटजींच्या मुलाच्या मनात शेवट करुण होता: नायिकेचं दुसरीकडे लग्न ठरतं, नायक स्टेशनवर उभा राहतो. ही बातमी फुटली आणि मोहल्ला पेटला. बायकांनी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. अध्यक्ष धान्याचे व्यापारी, भित्रा माणूस. ते धावत आमच्याकडे आले की पोरांनो लग्न लावा, नाहीतर पुढच्या वर्षी वर्गणी मिळायची नाही. झालं, शेवटच्या दिवशी स्टेजवर लग्न लावायचं ठरलं.

बाबांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. कोर्टात कितीही तर्कानं बोलले तरी घरात ते देवाधर्माचे. नाटक करा, म्हणाले, पण खरी मंगलाष्टकं नकोत आणि मुलीच्या डोक्यावर अक्षता पडता कामा नयेत. अक्षता एकदाच पडतात.

तालमीत आम्ही डोकं खाजवत बसलो. मंगलाष्टकांचं सोपं होतं, भटजींच्या मुलानं भेंडी आणि वांग्याच्या लग्नाची अष्टकं रचली. पण अक्षतांशिवाय लग्न लोकांना लग्न वाटणार कसं? तेव्हा त्यालाच सुचलं. तांदूळ घ्यायचेच नाहीत. ज्वारी घेऊ, कुंकवानं रंगवू, लांबून कुणाला कळतंय? ज्वारीला काय अक्षता म्हणतात! बाबांपुढे हा तोडगा मांडला तर ते मनापासून हसले आणि मान्य केला. आम्हाला आमच्याच हुशारीचं केवढं कौतुक वाटलं. भातकुलीवाला खाली बघत होता. ज्वारी मी घरून आणतो, एवढंच तो म्हणाला.

शेवटच्या संध्याकाळी मांडवाच्या कनाती सोडाव्या लागल्या, एवढी गर्दी. भातकुलीहून त्याच्या घरची मंडळी आली होती, त्याची आई बायकांच्या पुढच्या रांगेत, हिरवं लुगडं नेसून. पलीकडे पुरुषांत पहिल्या खुर्चीवर बाबा. अंतरपाट धरला. भेंडी-वांग्याची अष्टकं सुरू झाली, लोक पोट धरधरून हसत होते आणि प्रत्येक "सावधान"ला लाल ज्वारी अशी बरसत होती की माझ्या केसांत, कानांत, पोलक्यात शिरली. अंतरपाट दूर झाला. तो माझ्याकडे बघत होता, आणि अख्ख्या मांडवात तेवढा एकटा हसत नव्हता.

पडदा पडल्यावर त्याची आई स्टेजमागे आली. मला वाटलं, कौतुक करायला. तिनं माझ्या केसांतला ज्वारीचा एक दाणा काढला, बोटांत धरून बघितला आणि लेकाकडे वळली. "खेळ आहे हे मले समजते. पन आपल्या गावात अक्षता ज्वारीच्याच असते. तुले मालूम नव्हतं का?"

मी त्याच्याकडे बघितलं. भटजींच्या मुलाचा आ वासलेला तसाच राहिला. बापानं शहरातलीच लग्नं लावलेली, त्याला कुठून ठाऊक असणार?

"मालूम होतं," भातकुलीवाला म्हणाला.

"मग बोलला काऊन नाही?" हे मी विचारलं, आणि त्याच्याच बोलीत विचारलं, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"बोललो असतो तं तुमी मुरमुरे आनले असते."

त्या माणसानं जन्मात केलेलं सगळ्यात लांब भाषण हेच. मी त्याच्या आईसमोर, मुंडावळ्यांसकट, वेड्यासारखी हसत सुटले. ती माउली दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं तो दाणा माझ्या तळहातावर ठेवला, माझी मूठ मिटली आणि बाहेर गेली.

घरी बाबा खुशीत होते. ज्वारीवर भागलं म्हणून आईला रंगवून सांगत होते. मी तशीच त्यांच्यासमोर उभी राहिले आणि त्याच्या आईचं बोलणं सांगितलं, त्याचंही सांगितलं, आणि अकोल्याच्या मुलाशी मी लग्न करणार नाही हेही सांगून टाकलं. आई मटकन खाली बसली. जात वेगळी, घर वेगळं, मोहल्ला काय म्हणेल, हे सगळं बाबांच्या चेहऱ्यावरून येत-जात होतं. शेवटी वकिलाच्या आवाजात म्हणाले, "नाटकातलं लग्न कायद्यात बसत नाही."

"मग बसवून द्या," मी म्हटलं. "वकील आहात ना तुम्ही?"

ते उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच उभे राहून त्यांनी मला विचारलं, "अकोल्याला काय सांगू?"

मला विचारलं. आमच्या घरात माझ्या लग्नाबद्दल मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"मुलीचं लग्न झालं, असं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं बाबा अकोल्याला गेले. आत्या नंतर कितीतरी वर्षं तो प्रसंग चिडून सांगायची. इंजिनियरच्या वडिलांनी चहा पुढे केला, बाबांनी कपाला हातही लावला नाही, उभ्या उभ्याच म्हणाले, आमच्या मुलीचं लग्न झालं. कधी, असं त्यांनी विचारलं तर म्हणाले, काल संध्याकाळी, मी स्वतः हजर होतो. आमचं रजिस्टर लग्न व्हायला तेव्हा अजून बरेच महिने होते.