पोकळ वाजलेला खांब

शहराच्या बांधकाम विभागात एका इंजिनीअर बाईंना सगळे ‘हातोडी’ म्हणत, तेही दातओठ खाऊन. खांब ठोकून पाहिल्याशिवाय त्या कुठल्याच कामावर सही करत नसत. नव्या शाळेचं उद्घाटन दोन दिवसांवर आलं आणि जिन्याखालचा खांब पोकळ वाजला.

“मुकाट्याने सही करा,” विभागाचे साहेब गुरकावले.

“तुमची नात याच शाळेत येणार आहे ना, साहेब?”

“माझ्या नातीचं नाव काढू नका!”

बाईंनी सगळ्यांदेखत हातोडी हाणली. गिलावा ढासळला, आतलं काँक्रीट वाळूसारखं भुरूभुरू गळू लागलं. उद्घाटन रद्द झालं, खांब नव्याने उभारावा लागला. बाईंची बदली दप्तरखान्यात झाली. त्या निघाल्या तेव्हा विभागातल्या एकानेही मान वर केली नाही. त्यांनीही कुणाचा निरोप घेतला नाही.