आतून आलेली मागणी

कुपवाडची नोकरी सोडून मी विश्रामबागेत जयवंतराव सरांच्या हाताखाली आलो, तेव्हा सर संगणकाशी बोलत बसले होते. मला वाटलं, फोनवर असतील. फोन टेबलावर पालथा पडला होता. सरांच्या पंचाहत्तरीला लिहायला बसलो तर पहिली आठवण हीच आली.

रक्तदाते शोधून देणारा प्रोग्राम सरांनी पर्ल या संगणकभाषेत लिहिला होता. त्याच्यावर थेट भार पडू नये म्हणून पुढे एक हलका प्रॉक्सी सर्व्हर बसवला. लोकांची मागणी त्यानं घ्यायची, आत पोचवायची आणि उत्तर बाहेर आणून द्यायचं. सुरू करताच नोंदीत प्रत्येक मागणी आमच्याच मशीनवरून आलेली दिसू लागली. सर हसले. निरोप्या निरोप सांगतोय, पण धाडणाऱ्याचं नाव गिळतोय, म्हणाले. मी ती चूक दुरुस्त केली. मग मिरज, इस्लामपूर, सातारा, सगळे आपापल्या पत्त्यानिशी दिसू लागले.

एक मागणी मात्र आमच्याच मशीनच्या आतून येत राहिली. साताऱ्याचं एक रुग्णालय, ओ निगेटिव्ह, नावाची जागा कोरी. मी प्रॉक्सी बंद केला. आता बाहेरून कोणी येणं शक्यच नव्हतं, तरी ती पुन्हा आली. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे अनोळखी हाकेला ओ देत नाहीत. खोडसाळपणा असेल, पुसून टाकू, असं मी सुचवलं. रुग्णालयाचा फोन लागत नव्हता.

"खोटी असली तर एक फेरी फुकट जाईल," सर म्हणाले. "खरी असली तर?"

त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला सुट्टीवर आलेल्या, त्याच रक्तगटाच्या एका जवानाला साताऱ्याला धाडलं आणि पडद्याकडे पाहत पुटपुटले, "दम धर गं बाई, माणूस निघालाय."

संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आला. माझी थोरली बहीण, अक्का, साताऱ्याच्या त्याच रुग्णालयात बाळंतपणात अत्यवस्थ झाली होती. रक्तासाठी धावाधाव सुरू होण्याआधीच तो जवान दारात उभा होता. मागणी घरच्यांनी नोंदवली नव्हती, रुग्णालयानंही नाही. मी पुष्कळ खोदून पाहिलं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, त्यात ही मागणीही घाला, म्हणून सरांनी मला थांबवलं. श्रेय त्यांनी कधीच घेतलं नाही.

पुढे सर बाळाला पाहायला आले. अक्कानं त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बरी आहेस का गं बाई, एवढंच त्यांनी विचारलं आणि ती एकदम उठून बसली.

"आवं, त्या दिवशी 'दम धर' तुमीच म्हणाला व्हता न्हवं?"

सर बाळाच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

सरांना ठणठणीत शंभरी लाभो, ही अक्काची, तिच्या लेकीची आणि माझी मनापासून इच्छा आहे. आम्हाला ते अजून खूप वर्षं हवे आहेत.