एक माणूस वाचला

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या धायरीत चौकात कोणी नारळ उतरवून टाकला, तर तो घरी नेऊन चटणी करणाऱ्यांतला मी. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये आमचं डेटा सेंटर होतं. तळमजल्यावर टेप लायब्ररी – खोलीएवढं लांब काचेचं कपाट, दोन्ही बाजूंना हजारो टेपा आणि मधल्या बोळातून रुळावर धावणारा रोबोटचा हात. कप्पे वाढवले की तो पहिल्या टेपेपासून एकेक बारकोड वाचत जायचा. चाळीस मिनिटं. तोवर बॅकअप बंद आणि क्लायंटचे फोन चालू.

माझ्या जोडीला वानखेडेकाका होते. मूळचे अमरावतीचे, राहायला मांजरीला. आत शिरताना चपला लायब्ररीच्या दारातच काढायचे. दार लागल्याशिवाय हात हलायचा नाही; म्हणून चपला दिसल्या की दार लावायचं नाही, हा त्यांचा नियम.

मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. आता हात थेट बदललेल्या कप्प्याकडेच धावणार... सहा मिनिटांत काम. काका म्हणाले, "त्याले सावकाश येऊ द्या ना बाप्पा. आत कोणी राह्यलं तं बाहेर याले वेळ भेटते."

"काका, आत राहायला ते काय लॉज आहे?" मी म्हणालो.

मॅनेजर खूश. म्हणाला, "वेळ वाचला आणि एक माणूस वाचला." वाचलेला माणूस म्हणजे काका. त्यांना घरी बसवलं. काही महिन्यांत ते हार्टनं गेले. मी मांजरीला गेलोसुद्धा नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.

नंतरचा एक रविवार, दुपारचे अडीच. शेवटच्या टोकाला नवे कप्पे जोडले होते. नवी इंजिनिअर शिल्पा जेवायला गेली, असं मी धरून चाललो. दारात चपला नव्हत्या. दार ओढलं, स्क्रिप्ट चालवली.

हात पहिल्या टेपेपाशी गेला आणि एकेक बारकोड वाचायला लागला... सावकाश. मी चरफडत स्क्रिप्ट तपासली. बरोबर होती. तेवढ्यात आतून काच वाजली.

शिल्पा आत होती. शेवटच्या कप्प्याखाली पडलेली टेप काढत होती. तिचे बूट बाहेर बुटांच्या रॅकमध्ये, अगदी शिस्तीत. चपलांचा नियम तिला सांगणार कोण? सांगणारा मीच उरलो होतो. मी दार उघडलं, हात थांबला. स्क्रिप्टच्या वेगानं तो थेट तिच्या मानेवर आला असता. ती खाली बसून रडत होती.

लॉग काढला. त्यात हात सरळ शेवटच्या कप्प्याकडे गेल्याची नोंद आहे. रोबोटच्या कंपनीचा माणूस दोन दिवस खपला आणि म्हणाला, "सर, असं होऊच शकत नाही." तेवढं मलाही कळत होतं. त्यापुढचं आजही कळलेलं नाही.

स्क्रिप्ट पुसली आणि मांजरीला गेलो. काकूंना सगळं सांगता येईना. "एक माणूस वाचला, काकू," एवढंच म्हणालो. वाऱ्यानं दार आपटत होतं. त्या लावायला उठल्या, उंबऱ्यात माझ्या चपला दिसल्या, तशा परत येऊन बसल्या.

"त्यायचीच सवय लागली," त्या म्हणाल्या. "चपला दिसल्या का दार नाही लावत मी."